नावेचं इंजन काऊन तापते

बाबा,

मी नावेत बसले. आडवळणाने सांगितलेलं तुम्हाला कधी आवडलं नाही, म्हणून सरळ सांगते. धरणाच्या पाण्यावर, तुम्हीच इंजिन बसवलेल्या त्या लोखंडी नावेत, ओढणी कमरेला बांधून मी बसले आणि काठ सोडून पार मध्यापर्यंत गेले. तुम्हाला राग येणार हे मला ठाऊक आहे. आयुष्यभर तुमचा राग मी मान खाली घालून ऐकला, कारण बहुतेक वेळा तुमचं बरोबर असायचं. या बाबतीत नव्हतं. म्हणून आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकायचं, मध्येच "तुले काय समजते" म्हणायचं नाही. मला समजतं. तुम्हीच शिकवलंय.

दुकान अजून तिथेच आहे, अमडापूरच्या बाजाराच्या रस्त्यावर, फक्त वरचे पत्रे बदलले. विहिरींवर आता विजेच्या मोटारी बसल्या, पण डिझेलची इंजिनं काही संपली नाहीत. मळणीयंत्रं आहेत, लग्नातले जनरेटर आहेत, आणि ज्यांच्या शेतात दिवसाची वीज टिकत नाही ते लोक आजोबांच्या वेळचं इंजिन ताडपत्रीखाली जपून ठेवतात आणि हंगाम आला की गाडीत घालून माझ्याकडे आणतात. नवखा माणूस आला की आधी दुकानभर नजर फिरवतो आणि मलाच विचारतो, "मिस्त्री कुठी गेले?" मी म्हणते, "मीच मिस्त्री." मग त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. तुमच्या वेळीही लोक विचारायचेच, पोरीला कशाला तेलात लोळवता म्हणून, आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "इंजनाले काय मालूम, पाना कोनाच्या हातात हाय." या एका वाक्यावर मी माझा सगळा धंदा उभा केला. असं बोलणारा माणूस पाण्याच्या बाबतीत इतका आडमुठा कसा, हे मात्र मला अजून उलगडलेलं नाही.

तो लांब पेचकस दिलात तो दिवस आठवतो. मी नववीत आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे, दुकानात एक दोन सिलिंडरचं इंजिन धडधडतंय. तुम्ही फळीवरून हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा, स्क्रू पिळायचा तो पेचकस काढता, त्याचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवता आणि मूठ माझ्या कानाला लावता. "ऐक," म्हणता. आधी मला नुसता गोंगाट ऐकू येतो. तुम्ही टोक सरकवत नेता, आणि एका जागी त्या गोंगाटातून एक बारीक टकटक वेगळी निघते. मी बोट वर करते. तुम्ही शाबासकी देत नाही, पेचकस माझ्या हातात सोडता आणि म्हणता, "ठेव. तुहाच हाय आता." आईने त्या दिवशी वांग्याचं भरीत केलं होतं आणि मी काळ्या हातांनीच जेवायला बसले, तर ती मला आणि तुम्हाला दोघांनाही बोलली. इतर मुलींच्या बापांनी त्यांना पैंजण घेतले असतील, मला पेचकस मिळाला आणि मी खूश होते. जेवताना तुम्ही आणखी एक सांगितलंत. इंजिन जिथे बोंबलतं तिथेच जाऊन ऐकायचं, दुकानात आणून गप्प झालेल्या इंजिनाला विचारण्यात अर्थ नाही. हे तुमचेच शब्द आहेत, मी पदरचं काही घातलेलं नाही.

आता त्या शपथेचं. धरण झालं तेव्हा मी आईच्या कडेवर होते, त्यामुळे आपलं गाव मला आठवत नाही, ऐकून तेवढं माहीत आहे. निम्मं गाव उठून या काठाला आलं, निम्मं त्या काठाला गेलं. मावशीला त्याच गावात दिलेली होती, तिचं घर पलीकडे पडलं. लोकांनी पत्रे काढले, दारं-चौकटी उपटून नेल्या, गोठ्यातल्या गव्हाणीसुद्धा सोडल्या नाहीत. चूल तेवढी नेता येत नाही, ती राहिली. आई सांगते, शेवटच्या दिवशी तुम्ही त्या चुलीपुढे हात जोडलेत आणि बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणालात, "या पान्यावर माह्या घरचं कोनी पाय ठेवनार नाही." तुमचं दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण ते तुम्ही एकट्याने घेतलंत आणि शपथ मात्र तिघांना वाटलीत.

मी पाचवी-सहावीत असताना मैत्रिणींबरोबर काठावर गेले होते. तिथे मासेमारीवाल्यांची एक नाव खुंट्याला बांधलेली होती. आम्ही तिच्यात चढलो, कडेवर बसलो आणि पाय पाण्यात सोडले. कुणीतरी तुम्हाला सांगितलं. तुम्ही सायकलवर आलात, मला हाताला धरून उतरवलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "तिथी खाली आपली चूल हाय. चुलीवर पाय देतं का?" मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. दुकानात आणून हातपंपावर तुम्ही स्वतः माझे पाय धुतलेत, आपण ग्रीसचे हात धुतो तसे, साबणाचा चुरा आणि लाकडाचा भुसा लावून, घासघासून. चुलीला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो, एवढं मला माहीत होतं. पण एवढ्या मोठ्या पाण्याला नमस्कार कुठून करायचा, हे मला कळेना. त्या रात्री मी जेवले नाही, आणि त्यानंतर ते पाणी मी रस्त्यावरूनच पाहिलं.

आणि मग तुम्हीच त्या नावेला इंजिन बसवलंत. मासेमारीवाल्यांच्या सोसायटीने नवी लोखंडी नाव आणली, या काठाची माणसं त्या काठाला न्यायची म्हणून, आणि इंजिनासाठी ते तुमच्याकडे आले. आपल्याच गावचे लोक, त्यांना नाही कसं म्हणणार? नावेचं इंजिन तुम्ही जन्मात पाहिलेलं नव्हतं. तुम्ही विहिरीवरचं पाण्याने थंड होणारं इंजिन घेतलंत, नावेच्या मधोमध लाकडी ठोकळ्यांवर बसवलंत, लांब दांडा मागच्या पंख्याला जोडलात. थंडाव्यासाठी एक छोटा पंप पट्ट्यावर घेतलात. तो धरणाचंच पाणी नळीने ओढायचा, इंजिनाच्या पोटातून फिरवायचा आणि दुसऱ्या बाजूने बाहेर फेकायचा. नळीच्या टोकाला विहिरीत लावतात तो फुटबॉल, म्हणजे जाळीची झडप, आणि त्यावर कापड गुंडाळून तारेने आवळलेलं, म्हणजे गाळ आत जायला नको. ही तुमची खास पद्धत. आपल्या पंचक्रोशीतल्या एकाही विहिरीत बिनकापडाचा फुटबॉल नव्हता. सगळं काम तुम्ही काठावर उभं राहून केलंत. जे काठावरून हाताला येत नव्हतं ते दुसऱ्याला आत बसवून करून घेतलंत. शेवटी नावाडीकाकांना म्हणालात, "जराशी रेस दे," आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरलात. आंघोळीच्या पाण्याएवढं कोमट. पसंत पडलं. नाव निघाली आणि तुम्ही पाठ फिरवून घरी आलात.

तेव्हापासून ते इंजिन तापतंय. मला हे तेव्हा कळलं नव्हतं, कारण घरी तुम्ही कधी बोललाच नाहीत. नावाडीकाकांनी मला आत्ता सांगितलं. भरल्या नावेत, वाऱ्याच्या तोंडावर, मध्यावर गेलं की इंजिन तापायचं, आवाज जड व्हायचा, रंग जळाल्याचा वास यायचा आणि मग नाव जागच्या जागी हलत बसायची. ते तुम्हाला बोलावून आणायचे. तुम्ही काठावर इंजिन चालू करायचात, पाण्याखाली हात धरायचात, आणि इंजिन शहाण्या बाळासारखं चालायचं. मग तुम्ही काकांनाच झापायचात, "चालवता येत नाही तुमाले." ते बिचारे ऐकून घ्यायचे. हळूहळू त्यांनी काठाकाठाने, कमी रेसवर नाव चालवायची सवय लावून घेतली, मग लोक कंटाळले आणि नाव बहुतेक बांधलेलीच राहू लागली. तुम्ही गेलात त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, आणि तरी कुणी दुसऱ्या मिस्त्रीला हात लावू दिला नाही, कारण इंजिन तुम्ही बसवलेलं.

आता मावशीचं ऐका. मावशी पडली, खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, पण बसने प्रवास तिला आता जन्मात होणार नाही. आजवर लग्नाकार्याला या दोघी बहिणी भेटायच्या त्या सगळा फेरा मारून, एक बस चिखलीपर्यंत, मग दुसरी, मग फाट्यावर उतरून चालत. अर्धा दिवस जातो आणि आईचे गुडघे आता त्या पायऱ्या चढत नाहीत. आणि गंमत बघा, मोकळ्या हवेच्या दिवशी या काठावरून मावशीच्या घराचे निळे पत्रे दिसतात. मावशीचा फोन आला तेव्हा आई भाकरी थापत होती. फोन मी तिच्या कानाला धरला. मावशी म्हणाली, "मी त आता काही येऊ शकत नाही व. तू येशील त भेट." आईने भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि मला म्हणाली, "मले नावेनं ने."

मी म्हटलं, "आणि बाबांची शपथ?"

"शपथ त्यायनं घेतली. मले इचारून थोडीच घेतली होती."

"मग इतके दिवस का गं थांबलीस?"

"इतके दिवस तुही मावशी येत होती ना बसनं," आई म्हणाली, "आता तिले येता येत नाही. आन् ते इंजन आधी नीट कर. मंधात बंद पडलं त मले पोहता येत नाही."

मी गेले, बाबा. इथपर्यंत तरी तुम्ही मला काही म्हणू नका, कारण मी तुमच्यासारखीच गेले, काठापर्यंत. सोसायटीवाले नाव भंगारात काढायच्या बेतात होते. मी त्यांना थोडं थांबा म्हटलं. काकांनी नाव ओढून घेतली, मी कडेवरून वाकून इंजिनाचं झाकण उघडलं. पंपाचा पट्टा ढिला होता, तो बदलला. पंपाच्या आतल्या रबरी पंख्याच्या दोन पाकळ्या झिजल्या होत्या, खामगावहून नवा आणला. इंजिनाच्या पोटात क्षारांचा थर धरला असेल म्हणून काकांच्या पोराकडून इंजिन उतरवून घेतलं, दुकानात नेलं, पाण्याच्या वाटा खरवडून साफ केल्या. मागच्या पंख्याला जाळ्याचे नायलॉनचे धागे गुंडाळले होते, तेही कापून काढायला लावले. त्या कापड गुंडाळलेल्या फुटबॉलकडेही मी पाहिलं. वरून पिळून, धुऊन घेतलं, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, बाबांची पद्धत या लोकांनी सोडली नाही म्हणून. मग काठावर चालू करून पाण्याखाली हात धरला. कोमट. मी खूश. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन, "पोरी, मंधात गेलो आन् तापलं."

दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा मी काठावर उभी होते, इंजिन गोडीने चालत होतं, आणि माझा पारा चढला. मी काकांना म्हटलं, "चालवता येत नाही तुमाले." काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "हेच म्हने तुहा बाप. इथीच उभा राहून, असाच हात वर करून म्हने." मग हसू आवरून म्हणाले, "पोरी, मी काई मिस्त्री नोहो. पन ते इथी तापतच नाही. तिथी तापते. एकडाव बसून त पाह्य."

मी तिथे किती वेळ उभी राहिले ते मला सांगता येणार नाही. माझे पाय खरोखर उचलत नव्हते. एवढी घोडी झाले, केस पिकले, तालुक्यातले पुरुष मला मिस्त्री म्हणतात, आणि माझ्या तळपायांना तो साबणाचा चुरा आणि भुसा जाणवत होता. मग मला तुमचा भयंकर राग आला. इंजिन जिथे बोंबलतं तिथे जायचं, हे मला शिकवणारा माणूस वर्षानुवर्षं काठावर उभा राहून गप्प इंजिनाला विचारत राहिला आणि खापर फोडलं एका गरीब नावाड्यावर! एरवी तुम्ही विहिरीत दोराला धरून उतरायचात, नागाने बिळ केलेल्या खोलीत हात घालून पंप काढायचात. तुम्हाला सगळं येत होतं, फक्त ते एक पाऊल उचलता येत नव्हतं. मी चप्पल काढली आणि चढले.

काठ सुटला तसा वारा समोरून यायला लागला. मी पेचकसाला कान लावला, ठोके साफ होते. मग मी सगळं सोडून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडेच बघत बसले. काकांनी रेस वाढवली, नाव लाटांवर आपटायला लागली, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती धार बारीक होत गेली. मनगटाएवढी होती ती बोटाएवढी झाली, मग थेंब थेंब, मग नुसती वाफ. मी ओरडले, "कमी करा!" काकांनी रेस उतरवली, थोड्या वेळात धार परत जाड झाली. पुन्हा वाढवायला लावली, पुन्हा धार गेली. या वेळी उशीर झाला. आवाज घोगरा झाला, तो रंग जळाल्याचा वास आला आणि मी इंजिन बंद केलं. काकांनी बादली भरून उचलली, विहिरीवर लोक ओलं पोतं टाकतात तसं इंजिनावर पाणी ओतायला. मी त्यांचा हात धरला. तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं असतं तर इंजिनाचं वरचं हेड तडकलंच असतं. मग इंजिन आपोआप निवायची वाट बघत बसलो. नाव ढकलायचा बांबू तळाला पोहोचत नव्हता, वारा नाव आडवी करत होता, आणि चारी बाजूंना ते पाणी. काका म्हणाले, "आपलं गाव इथीच कुठीसक हाय." मी म्हटलं, "असू द्या. नळी वर ओढा."

बाबा, त्या फुटबॉलवर एक कापड नव्हतं. मी वरचं सोडलं, खाली दुसरं. ते सोडलं, खाली तिसरं. लुगड्याचे, धोतराचे, गोणपाटाचे तुकडे, एकावर एक, शेवाळाने चिकटून लाकडासारखे झालेले. काका अभिमानाने सांगत होते, "मिस्त्रीनं सांगतलं होतं, कापड बांधल्याबिगर नाव हलवाची नाही. दरसाल पोळ्याले नवं बांधतो आमी." मी विचारलं, "आणि जुनं?" ते म्हणाले, "जुनं काऊन सोडाचं? ते त मिस्त्रीच्या हातचं हाय." सगळ्यात आत तुमची तार होती. तुम्ही पिळा डाव्या बाजूला घालायचात, तो मी कुठेही ओळखीन.

कमी रेसवर पंप थोडंच पाणी ओढतो, तेवढं त्या थरांतून झिरपत होतं. काठावर बांधलेल्या नावेला पूर्ण रेस कोण देतं, म्हणून तिथे सगळं गोड. रेस वाढली की पंप जोराने ओढायचा, कापड जाळीला घट्ट चिकटायचं आणि इंजिनाचा घोट बंद व्हायचा. विहिरीवरचं इंजिन दिवसभर एकाच चालीने चालतं, तिथे तुमचं कापड बरोबर होतं. नाव विहीर नाही. तुमचं ते पहिलं एकच कापडसुद्धा इथे जास्त होतं, आणि हे तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं असतं, बाबा, पहिल्याच फेरीत, जर तुम्ही आत बसला असतात. तुम्ही माझ्याहून दसपट चांगले मिस्त्री होतात. मला तीन खेपा लागल्या तिथे तुम्हाला एक खेप पुरली असती. मी त्या नावेत बसल्या बसल्या तुमच्यावर मोठ्याने ओरडले. काकांना वाटलं त्यांच्यावर, त्यांनी घाबरून ती कापडं पाण्यात टाकली.

कापडाशिवाय, हळूहळू, आम्ही काठाला आलो. दुकानात मी भोकाच्या पत्र्याचा एक मोठा डबा वेल्डिंग करून घेतला, फुटबॉलच्या चौपट, म्हणजे थोडं शेवाळ अडकलं तरी पाण्याला वाट राहील, आणि तो बाजूला अशा जागी बसवला की काकांना हाताने खरवडता यावा. या खेपेला मी पूर्ण रेसवर, सोसायटीची चार माणसं भरून, पलीकडच्या काठापर्यंत जाऊन परत आले. जातायेता सारखा पाण्याखाली हात. आंघोळीच्या पाण्याएवढं. नाव भंगारात काढायचा विषय सोसायटीने पुन्हा काढला नाही.

मग आईला नेलं. तिने मेथीची जुडी, ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून घेतला होता. काकांनी आणि मी दोघांनी धरून तिला चढवलं. ती फळीवर मधोमध बसली, मांडीवर गाठोडं घट्ट धरून. मी इंजिनापाशी. मध्यावर आल्यावर तिने विचारलं, "आली का जागा?" काका म्हणाले, "इथीच कुठीसक, वहिनी." मला वाटलं, आता ही हात जोडणार, रडणार, मागे फिरा म्हणणार. आई कडेवरून जराशी वाकली, पाण्यात पाहिलं आणि म्हणाली, "लय धूर करे ते चूल. मी म्हनो, भितीले एक भोक पाडून द्या. काही पाडलं नाही त्यायनं. डोये चुरचुरत माह्ये." आणि परत सरळ बसली. काकांचा हात हसून हसून सुकाणूवरून सुटला. मी हसले नाही. मी तुमच्याकडे बघत होते, म्हणजे जिथे तुम्ही काठावर उभे राहायचात तिकडे.

मावशीला पोरांनी बाजेवर बसवून काठावर आणलं होतं. आई उतरली, चिखलातून गेली आणि बाजेवर तिच्या शेजारी टेकली. दोघी काही वेळ एकमेकींचे हात चाचपत राहिल्या, कोण किती वाळलं ते बघत. मग मावशी म्हणाली, "जिंदगी गेली व. समोर घर दिसे तुह्यं. काऊन नाही आली?" मला वाटलं आता तुमचं नाव निघणार. आई म्हणाली, "इंजन तापे." आणि गाठोडं सोडायला लागली.

तिने तुम्हाला वाचवलं, बाबा, बहिणीपुढेसुद्धा. मी नसतं वाचवलं. मी सांगितलं असतं की इंजिन नंतर तापलं, त्याच्या आधीपासून आमच्या घरात एक माणूस तापलेला होता. मला अजूनही वाटतं की तुमची शपथ चुकीची होती. बुडालेल्या घराचा मान ठेवण्यासाठी तुम्ही दोन जित्या बहिणींना तोडलंत, आणि हे मी तुमच्या फोटोसमोर उभं राहूनही म्हणेन. आई आता बाजाराच्या दिवशी जाते आणि दोन-चार दिवस तिकडेच राहते. मावशीला आंघोळ घालते, दोघी भांडतात, टीव्ही बघतात. मी इकडे एकटीच जेवते आणि मला त्याचं काही वाटत नाही.

हे सगळं मी दुकानात बसून लिहिलं. आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं, पण आता दाखवणार नाही, कारण शेवटचं एक राहिलं आहे आणि ते तिला ऐकवायची माझी छाती नाही. त्या दिवशी चप्पल काढल्यावर मी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं होतं, सायकल येते का ते. तुम्ही आला असतात आणि नुसतं "उतर" म्हणाला असतात, तर मी उतरले असते, बाबा. आई काठावरच राहिली असती.